दुचाकी वाहनांची सुरक्षितता (रायपूर)
मोटारीतील इसमास पोलादी कवच व आसनपट्टा यांचे जे संरक्षण लाभते, त्यास पारखा असलेला मोटारसायकल वा मोपेडचा स्वार आघाताचा सारा आवेग स्वतःच्या देहावर झेलतो. म्हणूनच २०२२ साली भारतातील १,६८,४९१ रस्ते-अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वारांचे होते. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे नागपूरकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील अवजड मालमोटारी व स्थानिक दुचाक्या एकाच रस्त्यावर येत असल्याने संरक्षणातील हा भेद विशेष गंभीर ठरतो. शिरस्त्राणाने मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये ते सक्तीचे असून, कसूर करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने १,००० रुपये दंडाची तजवीज केली आहे.