मलाक्का की मकाव?

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे अलीकडे समूहाने परदेशच्या यात्रा योजू लागली आहेत. पूर्वेकडे जावयाचे ठरले की पोर्तुगीज अमदानीतील दोन बंदरांची नावे पुढे येतात: मलाक्का आणि मकाव. रजा व पैसा यांचा मेळ घालताना बहुधा एकाचीच निवड करावी लागते. ती निवड केवळ भाडे आणि हॉटेले पाहून न करता इतिहासाच्या आधारे व्हावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम मकावचा विचार करू. चीनच्या किनाऱ्यावर १५५७ मध्ये पोर्तुगीजांनी ही वसाहत वसविली. १५७६ मध्ये तेथे धर्मप्रांताची स्थापना झाली आणि चीन व जपानकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांचे ते प्रवेशद्वार ठरले. येशूसंघीयांनी तेथे उभारलेले भव्य चर्च १८३५ च्या आगीत भस्मसात झाले. उरली ती दगडी दर्शनी भिंत. छळामुळे देशोधडीला लागलेल्या जपानी ख्रिस्ती कारागिरांचे हात तिच्या घडणीला लागले होते. पोर्तुगीज गलबत, जपानी शेवंती आणि चिनी अक्षरे एकाच भिंतीवर नांदताना पाहिली की श्रद्धेने किती संस्कृतींशी संवाद साधला होता, हे ध्यानी येते. मागील तळघरात जपान व व्हिएतनाम येथील हुतात्म्यांचे अवशेष जतन केले आहेत. २० डिसेंबर १९९९ रोजी मकाव चीनकडे गेले. अन्य चर्चेस, चौक व रस्ते मात्र उत्तम स्थितीत आहेत.

मलाक्काची कथा निराळी आहे. १५११ मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने हे बंदर जिंकले. १५२१ मध्ये टेकडीवर पवित्र मरियेचे छोटे चर्च उभे राहिले. संत फ्रान्सिस झेवियर येथे वारंवार आले. १५५२ मध्ये चीनच्या उंबरठ्यावर त्यांनी देह ठेवल्यानंतर, गोव्यास नेण्यापूर्वी, १५५३ मध्ये त्यांचे पार्थिव याच चर्चमध्ये काही महिने पुरलेले होते. आज त्या चर्चला छप्पर नाही. १६४१ मध्ये डचांनी शहर घेतले. १८०७ मध्ये इंग्रजांनी किल्ल्याचा तट सुरुंगांनी उडविला. त्यातून एक वेस तेवढी बचावली. दगडांचा विचार केला तर मकावच्या तुलनेत येथे पाहण्यासारखे थोडे आहे.

परंतु येथे माणसे उरली आहेत. डचांनी कॅथलिक उपासनेवर बंदी घातली आणि धर्मगुरूंना हद्दपार केले. तरीही मच्छीमारी करून पोट भरणाऱ्या साध्या कुटुंबांनी घराच्या चार भिंतींत प्रार्थना चालू ठेवली. निर्बंध सैल झाल्यावर १७१० मध्ये संत पेत्राचे चर्च बांधले गेले. तेथे आजही मिस्सा होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या लोकांना समुद्रकाठी एकत्र वस्तीसाठी जागा मिळाली. तेथील वडीलधाऱ्यांच्या ओठी 'क्रिस्तांग' ही पोर्तुगीज शब्दांची, मलय वळणाची बोली अद्याप आहे. जूनअखेरीस संत पेत्राच्या सणाला होड्या सजवून त्यांना आशीर्वाद दिला जातो.

वसईकरांना ही कथा परकी वाटेल काय? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला, फिरंगी सरदार निघून गेले आणि किल्ल्यातील चर्चेस ओस पडली. तथापि गावोगावच्या वाडीवाल्यांनी आणि कोळ्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही. १७४० मध्ये चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेले. पण पलीकडच्या कोर्लईत त्यांची मोडकीतोडकी भाषा मराठी वाक्यरचनेचा साज लेवून आजतागायत बोलली जाते. मलाक्काची क्रिस्तांग ही तिची दूरची बहीणच होय.

येथे कोणी म्हणेल, वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे, हुतात्मा झाले. मग जपानी ख्रिस्ती कारागिरांच्या मकावशी आपले नाते अधिक जवळचे नव्हे काय? हा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्यांना हुतात्म्यांच्या मार्गाचे स्मरण करावयाचे आहे, त्यांनी खुशाल मकावला जावे.

मात्र मुलाबाळांसह एकाच ठिकाणी जावयाचे असेल तर आम्ही मलाक्काच्या बाजूने कौल देऊ. राज्य आश्रय देते तेव्हा धर्म पाळणे सोपे असते. राज्य गेल्यावर तो कोण पाळतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या आजा-पणजांनी वसईत दिले आणि त्यापूर्वीच समुद्रापलीकडे तेथील कोळ्यांनीही दिले होते. यात्रेत एक रविवार मलाक्कात येईल असा बेत करावा, संत पेत्राच्या चर्चमधील मिस्सेस हजर राहावे आणि मग वस्तीतील एखाद्या वृद्धाजवळ घटकाभर बसावे. आपली बोली घरात बोलावी की सोडून द्यावी, हा प्रश्न तेथेही आहे आणि येथेही आहे. परतताना मुलांनी तोच प्रश्न आपल्याला विचारला, तर यात्रेचे सार्थक झाले असे समजावे.