इंडिकेची यंत्रे

'इंडिका' ही छोटी मोटार स्वस्त कशी झाली हे सांगताना आराखड्याचे कौतुक होते, यंत्रांचे क्वचितच. निसान कंपनीने १९९२ साली मेलबर्नजवळच्या क्लेटन येथील मोटारीचा कारखाना बंद केला. तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय आला, त्याची नोंद इंडिकेच्या चरित्रात कोण करणार? पुढे टाटांनी निसानची तीच ऑस्ट्रेलियातील जुनी यंत्रसामग्री विकत घेतली, सुटी करून जहाजांनी आणली आणि पुण्यात पुन्हा उभारली. नवीन घेण्यापेक्षा खर्च पुष्कळच कमी आला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मोटार लोकांपुढे आली. आत ऐसपैस जागा, त्यात डिझेल. मध्यमवर्ग खूश झालाच, पण भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनी ती अधिक आपलीशी केली.