एक काच समुद्राची, एक आकाशाची

मंडळी, भर उन्हात फोटो काढला की एकतर आकाश पांढरंफटक येतं, नाहीतर सावलीतली माणसं काळी पडतात. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतं, कारण नजर उजेडातून सावलीत गेली की डोळा स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच माप धरता येतं. ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावरचा उपायही दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५०च्या दशकात काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह बनवत. हे रसायन निळ्या प्रकाशाने फार लवकर भारलं जायचं. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार कोरं होऊन जाई. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे यांनी यावर तोड काढली. हे गृहस्थ मूळचे चित्रकार. त्यांनी समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजाच्या रेषेवर सांधून एकाच कागदावर छापल्या. सेत बंदरातल्या लाटेचं त्यांचं १८५७ सालचं चित्र असंच बनलेलं आहे.

गंमत म्हणजे, ल ग्रे यांच्या एकाहून जास्त चित्रांत तेच आकाश सापडतं! म्हणजे ती लाट खरी, ते ढगही खरे, पण दोघांची भेट झाली ती कागदावर. ल ग्रे पुढे कर्जबाजारी झाले, १८६० साली त्यांनी फ्रान्स सोडला आणि अखेर कैरोत चित्रकला शिकवत दिवस काढले. तिथेच १८८४ साली ते वारले. आम्हा मास्तर लोकांना अशा माणसाबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

आता १९९७ सालाकडे येऊ. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातले पॉल डेबेवेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी एक शोधनिबंध मांडला. त्यात एका चर्चच्या अंतर्भागाचे फिल्मवर घेतलेले सोळा फोटो होते. जागा तीच, पण उघडझाप ३० सेकंदांपासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. हे फोटो स्कॅन करून संगणकाने प्रत्येकातला भरवशाचा भाग घेतला आणि खिडकीच्या रंगीत काचांपासून अंधाऱ्या कोपऱ्यांपर्यंतचा सगळा उजेड एकत्र मांडला. इथे आकाश बाहेरून आणलेलं नव्हतं, हा मोठा फरक.

हेच तत्त्व एकाच निगेटिव्हलाही लावता येतं. निगेटिव्हमध्ये उन्हाचा भाग दाट असतो आणि सावलीचा विरळ. दाट भागातून स्कॅनरचा प्रकाश कष्टाने पार होतो, म्हणून त्यासाठी एक्स्पोजर जास्त हवं. तेवढ्याच एक्स्पोजरमध्ये विरळ भाग वाहून जातो, म्हणून त्याच्यासाठी दुसरा, कमी एक्स्पोजरचा स्कॅन. मग दोन्ही एकमेकांवर अचूक बसवायचे.

आमच्याकडे १९६२ सालची एक निगेटिव्ह आहे. आई अंगणात उन्हात उभी आहे आणि आजी मागे ओसरीवर बसली आहे. जुन्या छापील फोटोत आजी म्हणजे नुसता काळा डाग. तिचा दुसरा फोटो घरात नाही. नातवाने दोन स्कॅन घेऊन जोडले तेव्हा आईच्या लुगड्याचे काठ दिसले आणि आजीचा चेहराही दिसला. तो पाहून धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, हा चेहरा कॉम्प्युटरने काढला नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की चेहरा फिल्मवर होताच, कागदावर तो उतरला नव्हता. जे फिल्मवरच उमटलं नाही ते मात्र कितीही स्कॅन केले तरी मिळत नाही. आजीचे हात गडद सावलीत आहेत, तिथे फिल्म कोरीच आहे. नातू म्हणाला, "आजोबा, हात भरून देऊ का? कळणारही नाही." मी नको म्हटलं. पुढच्या पिढीला ते आजीचेच हात वाटतील, आणि ते तिचे नसतील.

तेव्हा एक विनंती. स्कॅन झाले म्हणून जुन्या निगेटिव्ह टाकून देऊ नका. उद्या कुणी चेहऱ्याबद्दल विचारलं, तर साक्षीला तीच लागेल.