मंद ग्रंथी, धावतं हृदय : एका गोंधळाचा इतिहास

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. म्हणायचं असतं ते एवढंच, की ती कमी काम करते किंवा जास्त. कमी काम केलं तर शरीराचा कारभार मंदावतो : थंडी सोसत नाही, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, केस गळतात, नाडी संथ चालते. जास्त केलं तर सगळं उलट, आणि छाती धडधडते. पाठ्यपुस्तकात हे गणित छान बसतं. अडचण अशी की ग्रंथी मंद असल्याचं निदान झालेले रुग्ण, त्यातही बायका, सांगतात की रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडतं. त्यांना पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘हे थायरॉइडचं नाही, तुम्ही फार विचार करता.’ हे उत्तर आलं कुठून, ते आज आपण पाहू. त्यासाठी १८७३ सालच्या लंडनला जावं लागेल.

त्या वर्षी सर विल्यम गल या नामांकित वैद्यांनी तिथल्या क्लिनिकल सोसायटीत प्रौढ स्त्रियांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन वाचून दाखवलं. चेहरा गोल आणि जाड झालेला, जीभ तोंडात मावत नसल्यासारखं बोलणं, हालचाल सुस्त. थायरॉइडचा इथे काही संबंध असेल असं कोणाला वाटलेलं नव्हतं. पुढे १८७७ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं, कारण मृत रुग्णाच्या सुजलेल्या त्वचेत त्यांना शेंबडासारखा चिकट पदार्थ आढळला होता.

आता इथे जरा थांबू या. ही वर्णनं कोणाची होती? वर्षानुवर्षं आजार अंगात मुरलेल्या, पार शेवटच्या टप्प्यावर पोचलेल्या बायकांची. आजाराचं चित्र त्यांच्यावरून काढलं गेलं. सुरुवातीच्या टप्प्यातली, नुसतीच थकलेली, धडधड होणारी बाई त्या चित्रात नव्हतीच. ती वैद्याकडे गेली असेल तर कुठल्या तरी वेगळ्याच नावाखाली नोंदली गेली असणार.

ग्रंथीशी नातं जुळलं ते स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेही शस्त्रक्रियेच्या यशातून. बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर गलगंड काढण्यात इतके निष्णात होते की संपूर्ण ग्रंथी काढूनही रुग्ण टेबलावर दगावत नसे. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी अशीच पूर्ण काढली. काही वर्षांनी तिच्या डॉक्टरांकडून कळलं की मुलगी मंद, सुजलेली झाली आहे आणि तिची वाढ खुंटली आहे. धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती. कोखर यांनी जुने रुग्ण परत बोलावून तपासले, तर संपूर्ण ग्रंथी गमावलेल्या बहुतेकांची तीच गत. १८८३ मध्ये त्यांनी हे उघडपणे मांडलं. आपल्याच हातून झालेलं नुकसान असं जाहीर करणं सोपं नसतं, हे आम्ही मुद्दाम सांगतो. जिनिव्हाच्या रेव्हर्दॅं यांचंही निरीक्षण असंच होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी दोन्ही टोकं जोडली : गल यांच्या बायका आणि कोखर यांचे रुग्ण एकाच कारणाने आजारी आहेत. क्लिनिकल सोसायटीने समिती नेमली. १८८८ च्या तिच्या अहवालात शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास होता आणि निष्कर्ष तोच निघाला.

पुढचा टप्पा न्यूकॅसलचा. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा ग्लिसरीनमधला अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली. पुढे अर्क पोटातून देता येऊ लागला आणि ती १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पोटातून देण्याची सुरुवात १८९२ ची. प्लिमथचे एडवर्ड फॉक्स मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळून, बारीक करून जेलीबरोबर खायला सांगत. औषध आणि खाद्यपदार्थ यांच्यातली रेघ तेव्हा फारशी ठळक नव्हती!

आपल्या विषयातली धडधड खऱ्या अर्थाने अवतरते ती इथे. मेंढीच्या ग्रंथीत संप्रेरक किती हे मोजायची सोय नव्हती. मात्रा जास्त झाली की नाडी पळायची, घाम यायचा, हात थरथरायचे, आणि आधीच हृदय कमजोर असलेल्याच्या छातीत कळा यायच्या. वैद्य सावध झाले. पण त्याबरोबर मनात एक समीकरणही बसलं : धडधड म्हणजे औषध जास्त झालं, संथ नाडी म्हणजे आजार. १९१८ मध्ये हर्मान झोन्डेक यांनी ‘मिक्सिडीमाचं हृदय’ वर्णन केलं. फुगलेलं, संथ, विद्युत आलेखावर चपट्या लाटा उमटवणारं आणि थायरॉइड दिल्यावर पूर्ववत होणारं. निरीक्षण अचूक होतं. पण त्यामुळे संथ नाडी ही आजाराची ओळखच ठरली. ओळख पटवण्यासाठी ती चांगलीच होती. घोळ झाला तो तिची चाळणी केली गेल्यामुळे. नाडी संथ नाही, मग थायरॉइड नाही, असा उलटा न्याय लागू लागला.

चाळणीतून निसटलेल्यांचं काय होई? १९४९ मध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड आशर यांनी १४ रुग्णांची हकिगत छापली. भ्रम, संशय, वेडसरपणा अशी लक्षणं असलेल्या त्या रुग्णांचा मूळ आजार थायरॉइडचा होता, आणि उपचारांनी त्यातले बरेचसे सुधारले. मन बिघडलं म्हणून ग्रंथीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

मग मंद ग्रंथीत हृदय धावतं तरी कसं? उत्तराचा एक भाग जपानमधून आला होता, तोही अगदी लवकर. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकांनी चार बायकांच्या सुजलेल्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली दाखवली. पण त्यामागचं कारण उलगडलं १९५६ मध्ये. लंडनमध्ये रॉइट, डोनिअक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. म्हणजे शरीर आपल्याच ग्रंथीवर हल्ला करतं. ग्रंथी अशी पोखरली जात असताना साठलेलं संप्रेरक कधीकधी एकदम रक्तात सांडतं. तेवढे आठवडे छाती धडधडते, वजन उतरतं, झोप उडते. पुढे साठा संपतो आणि मंदपणा येतो. तोच रुग्ण, तोच आजार, लक्षणं मात्र दोन टोकांची. मधल्या काळात दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर दोन वेगवेगळी निदानं मिळतील, आणि दोघांचंही त्या दिवसापुरतं बरोबर असेल.

बाकीची कारणं कमी नाट्यमय आहेत. मंद ग्रंथीमुळे पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून लोह कमी होतं, आणि रक्त कमी असलं की हृदयाला धावावंच लागतं. रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन खालचा रक्तदाब चढतो. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. यात नाडी मोजली तर ती संथही निघेल, पण धडधड जाणवते ती खोटी नसते.

आणि औषधाची मात्रा हा जुना प्रश्न होताच. केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, हॅरिंग्टन यांनी १९२० च्या दशकात त्याची रचना उलगडली. तरी किती द्यायचं हे बराच काळ अंदाजानेच ठरे. रक्तातलं टीएसएच नीट मोजता येऊ लागलं तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच जणांना गरजेपेक्षा जास्त गोळी दिली जात होती, आणि नेहमीच्या मात्रा खाली आल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात साठीपुढच्या २,००७ जणांची दहा वर्षांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांचं टीएसएच फार खाली होतं त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. तेव्हा गोळी चालू असताना धडधड सुरू झाली तर ती डॉक्टरांना सांगायची आणि टीएसएच तपासून घ्यायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सोबत छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत वाट बघायची नाही, बरं का.

टीएसएच अगदी मर्यादेत असूनही काहींची धडधड आणि थकवा जात नाही, त्यावर डॉक्टरांमध्ये आजही वाद आहेत. आम्हाला वाटतं, अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून वाटेला लावण्याआधी हिमोग्लोबिन आणि लोह तरी बघून घ्यावं. पुढच्या वेळी आपण कांग्रा खोऱ्यात जाऊ. तिथे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला होता. आता तुमचे प्रश्न घेऊ या.