जुन्या एअर-कूल्ड गाडीखाली तेलाचा डाग दिसतोय? पॅकिंग बदलण्याआधी हे तपासा

परभणीहून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालेली बहुतेक मंडळी दुचाकीवर असतात. ती स्प्लेंडर असो की बुलेट, त्यात रेडिएटर नसतो. इंजिनाच्या बाहेर दिसणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांवरून, म्हणजे फिन्सवरून, वारा जातो आणि इंजिन थंड राहतं. यालाच आपण एअर-कूल्ड इंजिन म्हणतो.

एकेकाळी कारसुद्धा अशाच चालायच्या. इटलीची जुनी फियाट ५००, फ्रान्सची सिट्रोएन २सीव्ही, अगदी १९९८ पर्यंतची पोर्शे ९११ आणि या सगळ्यांत प्रसिद्ध असलेली फोक्सवॅगन बीटल! २००३ साली मेक्सिकोमध्ये शेवटची जुनी बीटल तयार झाली, तोपर्यंत २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. परदेशातून आलेल्या मोजक्या बीटल आजही मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत दिसतात.

या गाड्यांबद्दल एक विनोद जगभर चालतो. खाली तेल गळत नसेल तर समजावं, इंजिनातलं तेल संपलंय! पण हा विनोद खरा मानून गळतीकडे दुर्लक्ष केलं, तर इंजिन गमवायची वेळ येते. ते कसं, हे बीटलच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

गळती एवढी गंभीर का?

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता वाहून न्यायचं मोठं काम पाणी करतं. एअर-कूल्ड इंजिनात पाणीच नाही. त्यामुळे हवा आणि तेल, दोघंच ते काम करतात. तेल आतल्या भागांना वंगण देतं आणि त्यांची उष्णताही उचलतं. बीटलच्या १६०० सीसी इंजिनात तेल असतं फक्त अडीच लिटर. त्यातलं अर्धा लिटर गळालं, तर पाचवा हिस्सा गेला!

दुसरी गोष्ट धुळीची. मराठवाड्यातल्या रस्त्यावर गाडी चालली की धूळ उडणारच. कोरड्या फिन्सवरची धूळ वाऱ्याने बरीचशी निघून जाते, पण तेलकट फिन्सवर ती चिकटते. हळूहळू थर जमतो आणि इंजिनाला जणू गोधडी पांघरल्यासारखं होतं. मग इंजिन जास्त तापतं, तेल पातळ होतं, रबरी सील कडक होऊन चिरतात आणि गळती आणखी वाढते. हे चक्र वेळीच तोडायचं असतं.

तेल नेमकं कुठून येतंय?

जमिनीवरचा डाग बघून अंदाज बांधू नका. बीटलचा पंखा हवा वरून खाली ढकलतो आणि चालत्या गाडीत वारा तेल मागे पसरवतो. त्यामुळे थेंब एका जागी पडतो आणि गळती असते भलत्याच जागी.

१. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ करा. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर आधी झाकून घ्या. नंतर पुसून नीट वाळू द्या.

२. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा.

३. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा.

४. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

५. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. रोजचा डाग वाढतोय की तेवढाच आहे, हे कळेल.

नेहमीच्या गळक्या जागा

टॅपेट कव्हर: या इंजिनात टॅपेट सेटिंग दर ५,००० किलोमीटरला करावं लागतं. गॅप ०.१५ मिलिमीटर, तोही इंजिन थंड असताना. म्हणजे कव्हर वारंवार उघडलं जातं. प्रत्येक वेळी बुचाचं नवीन पॅकिंग घाला. चिकटवायचंच असेल तर कव्हरच्या बाजूला चिकटवा, हेडची बाजू कोरडी ठेवा.

पुशरॉडच्या नळ्या: इंजिनाच्या खालच्या बाजूला अशा आठ नळ्या असतात आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सील, म्हणजे एकूण सोळा जागा! उष्णतेने हे सील कडक होतात. नळ्या बदलताना त्यांचा जोड वरच्या बाजूला ठेवावा. बसवण्याआधी नळी हलकेच ताणून साधारण १९० मिलिमीटर करावी लागते, नाहीतर ती सीलवर दाबून बसत नाही.

खालची जाळी: बीटलमध्ये कागदी ऑइल फिल्टर नसतो, फक्त तारेची जाळी असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅकिंग आणि झाकणाला सहा छोटे नट. नटांखालचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवीन घाला.

ऑइल कूलर: हा पंख्याच्या पत्र्याजवळ, वरच्या बाजूला असतो. त्याचे सील गेले तर तेल थेट तापलेल्या सिलिंडरवर पडतं. धूर आणि जळका वास येत असेल, तर आधी इथे बघा.

फ्लायव्हीलची बाजू: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल येत असेल आणि क्लच घसरत असेल, तर क्रँकचं मोठं सील गेलेलं असू शकतं. नुसतं सील बदलून भागत नाही. क्रँक पुढे-मागे किती हलतो, हेही मोजावं लागतं. ते अंतर ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असायला हवं. जास्त असेल तर नवीन सीलही लवकर जातं.

पॅकिंग नवीन, तरी गळती चालूच?

इथेच बरेच पैसे वाया जातात. सगळी पॅकिंग बदलली तरी तेल येत असेल, तर इंजिनाच्या आतला दाब तपासा.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती तुंबली किंवा वायूच फार झाला, तर आतला दाब तेलाला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो. बीटलच्या पुलीच्या बाजूला तर रबरी सीलच नाही. तिथे आटे असतात, जे फिरताना तेल आत परतवतात. आत दाब वाढला की सर्वात आधी तिथूनच तेल येतं. अशा वेळी ब्रीदर साफ करा आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.

डिपस्टिकही हुंगून बघा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात मिसळत असू शकतं. असं तेल पातळ होतं, गळतं आणि बेअरिंगही खातं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका.

या तीन चुका टाळा

नट जास्त आवळणं: गळती दिसली की पाना घेऊन आवळायचा मोह होतो. पण बीटलचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. त्यातले आटे सहज जातात. जाळीच्या नटांना फक्त ७ न्यूटन-मीटर जोर लागतो. जास्त आवळलं तर झाकणही वाकतं आणि थोडी गळती कायमची होते.

सीलंट थापणं: जास्तीचं सीलंट आत सुटून तेलाच्या वाटा बुजवू शकतं.

गळती थांबवायला फार घट्ट तेल भरणं: मॅन्युअलमध्ये उष्ण दिवसांसाठी एसएई ३० सारखं तेल सांगितलेलं असतं. परभणीत उन्हाळा कडक, पण हिवाळ्याच्या पहाटे पाराही एक आकडी होतो. अशा थंडीत घट्ट तेल वाहत नाही, दाब वाढतो आणि ऑइल कूलर फुटू शकतो.

गळती होऊच नये म्हणून

- इंजिनाभोवतीचे पत्रे आणि डिकीतली रबरी पट्टी काढून टाकू नका. खालची गरम हवा वर येऊ न देणं हे त्यांचं काम आहे.
- तेल दर ५,००० किलोमीटरला बदला. जुनं तेल जमिनीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.
- तेल वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्तीचं तेलही बाहेरच येतं.
- गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. अधूनमधून चालवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या.
- आठवड्यातून एकदा डिपस्टिक बघा. चालताना तेलाचा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका, तिथेच इंजिन बंद करा.

बीटल तुमच्या दारात नसेल, पण बुलेट किंवा स्प्लेंडर असेलच. तिच्या इंजिनाची रचना वेगळी, पण नियम तोच: फिन्स स्वच्छ ठेवा, ब्रीदर मोकळा ठेवा आणि डाग पुसण्याआधी तो कुठून आला ते शोधा. पन्नास रुपयांचं पॅकिंग वेळेवर बदललं, तर हजारो रुपयांचं इंजिनकाम टळू शकतं.