मोठे फलाहारी वटवाघूळ आणि चिंकारा (तुलना)

मोठे फलाहारी वटवाघूळ (शास्त्रीय नाव: टेरोपस मेडियस) आणि चिंकारा (शास्त्रीय नाव: गॅझेला बेनेटी) हे पुणे जिल्ह्यात आढळणारे दोन वन्य सस्तन प्राणी आहेत. पहिला पिंपरी-चिंचवड, चाकण अशा दाट वस्तीच्या भागांतही राहू शकतो. दुसरा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातील माळरानांवर राहतो.

वर्गीकरण
वटवाघूळ हस्तपंखी गणातील, तर चिंकारा समखुरी गणातील प्राणी आहे. चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील नमुन्यावरून केले.

शरीर व आहार
या वटवाघळाचे वजन १.६ किलोग्रॅमपर्यंत, तर पंखविस्तार १.५ मीटरपर्यंत असतो. लहान कीटकभक्षी वटवाघळांप्रमाणे ते प्रतिध्वनीवरून मार्ग काढत नाही. दृष्टी व गंध यांच्या साहाय्याने फळे व मकरंद शोधते. चिंकारा खांद्याशी सुमारे ६५ सेंटिमीटर उंच असून त्याचे वजन सुमारे २३ किलोग्रॅम असते. तो रवंथ करणारा असून गवत, पाला व शेंगा खातो. पाण्याचा बराचसा अंश अन्नातूनच मिळत असल्याने तो पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो.

प्रजनन
आकारात एवढा फरक असूनही दोघांचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते व पहिले काही आठवडे ते अंगाशी घेऊन उडते. चिंकाऱ्याच्या मादीला बहुधा एकच पाडस होते. ती ते गवतात दडवून ठेवते. त्यामुळे घटलेली संख्या भरून येण्यास दोघांनाही वेळ लागतो.

अधिवास व संरक्षण
वटवाघळे वड, पिंपळ अशा उंच वृक्षांवर थव्याने विसावतात. रस्तारुंदीकरणात असे वृक्ष तोडले गेल्यास संपूर्ण थवा बेघर होतो. चिंकाऱ्याचे माळरान सरकारी दप्तरात अनेकदा ‘पडीक’ ठरते. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य (स्थापना १९९७, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर) प्रामुख्याने चिंकाऱ्यासाठी ओळखले जाते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. फलाहारी वटवाघळे मात्र उंदीर व कावळ्यांसह उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. परागवहन व बीजप्रसार करून वृक्षांची वाढ साधणाऱ्या या प्राण्याला त्यामुळे कायद्याचा आधार नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द होऊन हे वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत आले.