मिटता चाकू आणि माणसाचे बोट

महाराष्ट्रीय घरात धारेची तीन साधने नांदत आली आहेत: विळी, सुरी आणि चाकू. तिन्हींचे काम कापण्याचे. पण तिन्हींचा स्वभाव निराळा. विळीचे पाते पाटावर स्थिर उभे असते. हालतो तो हात आणि हातातली भाजी. सुरीचे पाते हालते, परंतु हाताच्या हुकमाने; पाते आणि मूठ यांचा सांधा कायमचा जखडलेला असतो. खिशातल्या मिटत्या चाकूची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे हात हालतो, हाताबरोबर पाते हालते, आणि शिवाय मुठीतल्या एका खिळ्याभोवती ते पाते स्वतंत्रपणेही फिरू शकते. मूठ हेच पात्याचे घर, आणि त्या घराच्या उंबरठ्यावर धरणाऱ्याची बोटे विसावलेली असतात. मिटत्या चाकूचा सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या घराच्या दाराला कडी कशी घालावी, याचाच इतिहास होय.

हा इतिहास फार जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा जो मिटता चाकू सापडला, तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक रोमन साधन आहे. त्याचा सांगाडा चांदीचा असून त्यात लोखंडी पाते, चमचा, काटा आणि आणखी काही बारीक अवजारे मिटवून ठेवण्याची सोय आहे. कारागिरी पाहून आजचा माणूसही थक्क होतो. परंतु या प्राचीन चाकूंमध्ये पाते उघडे राहत असे ते केवळ खिळ्यापाशी होणाऱ्या घर्षणाच्या बळावर. खिळा सैल झाला की घर्षण कमी झाले. आणि घर्षण कमी झाले की पाते आपल्या घराकडे वळले. वाटेत बोट असले तर त्याची गय नव्हती.

पुढचे पाऊल इंग्लंडातील शेफील्ड या गावी पडले. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने आपल्या काव्यात शेफील्डच्या सुरीचा उल्लेख केला आहे, इतकी त्या गावाच्या पोलादाची कीर्ती जुनी. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू-सुऱ्या घडविणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. त्याच शतकात चाकूच्या पाठीशी पोलादी कमान बसविण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ही कमान पात्याच्या बुडाला दाबून धरी. त्यामुळे पाते उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज होई, आणि पाते दोन्ही अवस्थांत स्थिर राही. पिसाची लेखणी तासण्यासाठी असा छोटा चाकू लेखनिकाजवळ असे. इंग्रजीत या चाकूला आजही लेखणीवरूनच नाव आहे. आपल्याकडे बोरू तासणाऱ्या मोडी लेखनिकालाही चाकूवाचून गती नव्हती. ‘चाकू’ हा शब्दच फारसी-तुर्कीच्या वाटेने मराठीत आला, आणि तुर्कीतील त्याच्या भावंडाचा अर्थ आजही खिशातला मिटता चाकू असाच आहे.

परंतु शेफील्डची कमान म्हणजे कडी नव्हे. ती दार लोटून ठेवते, बंद करीत नाही. चाकूची धार पुढे ढकलून कापावे, तेव्हा पात्यावरचा दाब त्याला अधिकच उघडे ठेवतो. पण त्याच चाकूचे टोक लाकडात खुपसून भोक पाडू लागले, किंवा पाते फटीत अडकल्यावर उलट ओढले, की दाबाची दिशा बदलते. हाताचा जोर कमानीच्या जोरापेक्षा वरचढ ठरतो, पाते मिटते, आणि मुठीखाली वळलेली तर्जनी नेमकी धारेखाली सापडते. मिटत्या चाकूच्या अनेक जखमांचे मूळ येथे आहे. चाकूने दगा दिला असे लोक म्हणतात. वस्तुतः चाकू आपल्या रचनेला धरूनच वागलेला असतो.

ही जखम दिसते त्याहून मोठी असू शकते. बोटाच्या तळव्याकडील बाजूस, कातडीखाली थोड्याच अंतरावर, बोट मिटविणारे स्नायुबंध आणि स्पर्श कळविणाऱ्या नसा असतात. अर्ध्या इंचाचा छेदही खोल गेला तर बोट कायमचे ताठ राहू शकते. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन शल्यविशारदाने बोटाच्या बुडाशी असलेल्या या भागाला रणांगणावरील ‘निर्मनुष्य प्रदेशा’ची उपमा दिली होती, तेथे तुटलेला स्नायुबंध ताबडतोब सांधू नये, असाच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शल्यवैद्यांचा कौल होता. १९६७ साली हॅरल्ड क्लायनर्ट यांनी तो तत्काळ सांधता येतो हे आपल्या अनुभवाने मांडले, आणि मत पालटू लागले. म्हणूनच बोट कापल्यावर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात उंच धरावा. आणि बोट वळत नसेल वा बधिर वाटत असेल, तर रक्त थांबले म्हणून समाधान न मानता डॉक्टर गाठावा.

दाराला खरी कडी घालण्याचे एक सुबक उदाहरण फ्रान्सच्या सावॉय या डोंगराळ प्रांतात सापडते. १८९० साली जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या तरुणाने आपल्या वडिलांच्या कार्यशाळेत लाकडी मुठीचा एक साधा, स्वस्त चाकू घडविला. शेतकऱ्यांना तो पसंत पडला. १९०९ साली ओपिनेलने त्यावर मुद्रा घेतली ती आशीर्वाद देणाऱ्या हाताची, आणि वर मुकुट. जवळच्या सँ-झाँ-द-मोरिएन या गावी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष असल्याची श्रद्धा आहे. त्या गावाच्या चिन्हातून हा हात आला. पण ज्या चाकूच्या पात्यावर हात कोरलेला, त्यात हाताच्या रक्षणाची योजना नव्हती! ती यावयाला १९५५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या गळ्याशी खाच असलेले एक फिरते कडे बसविले. पाते उघडल्यावर कडे थोडे फिरवले की खाच बाजूला सरते आणि पात्याची परतीची वाट बंद होते. २००० साली त्यात सुधारणा होऊन मिटलेले पातेही त्याच कड्याने जखडता येऊ लागले; कारण खिशात आपोआप उघडलेला चाकू हाही बोटाचा वैरीच. स्वित्झर्लंडमध्ये हीच वाटचाल अधिक सावकाश झाली. तेथील सैनिकाला १८९१ सालापासून मिटता चाकू मिळू लागला. उघड्या पात्याला जखडणारा खटका मात्र २००८ साली स्वीकारलेल्या नव्या नमुन्यात आला.

येथे या इतिहासाला एक विलक्षण वळण मिळते. जो खटका बोट वाचवितो, तोच चाकूला भोसकण्याजोगे शस्त्रही बनवितो. स्पेनमधील ‘नावाखा’ या लांब चाकूच्या खटक्याला दात असत, आणि तो उघडताना होणारी करकर ऐकूनच समोरचा सावध होई. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील रामपूरच्या खटक्याच्या चाकूने मुंबईच्या हिंदी चित्रपटांत अशीच अपकीर्ती मिळविली. तरीही कारागिरीचा अभिमान म्हणून २०२३ साली त्याच शहरातील एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारण्यात आला. दिल्ली प्रशासनाच्या १९८० सालच्या अधिसूचनेत तर ‘गरारीदार’ आणि ‘बटणदार’ चाकूंचा नाव घेऊन निर्देश आहे. इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धारेचा मिटता खिसाचाकू बाळगण्यास मोकळीक ठेवली. परंतु १९९३ साली तेथील न्यायालयाने असा निर्णय दिला की, पाते उघड्या स्थितीत जखडले जात असेल तर तो या सवलतीतला मिटता चाकू नव्हेच. कायद्याला समोरच्या माणसाच्या पोटाची चिंता, कारागिराला धरणाऱ्याच्या बोटाची. दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांचा मेळ बसणे कठीण.

मग उरतो तो तिसरा उपाय, हाताला वळण लावण्याचा. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले आणि त्यातून स्काऊट, म्हणजेच बालवीर, चळवळ उभी राहिली. भारतात १९५० साली निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ स्थापन झाली. या चळवळीने मुलांच्या हातून चाकू काढून घेतला नाही. त्याबरोबर नियम दिले. पाते नेहमी आपल्या अंगापासून दूर चालवावे. मिटलेला चाकू हाती घेऊन, हात लांब करून स्वतःभोवती फिरावे. त्या वर्तुळात दुसरे कोणी नसेल तरच चाकू उघडावा. उघडा चाकू घेऊन चालू नये. दुसऱ्याला देताना मिटून, अथवा मूठ पुढे करून द्यावा. आणि घेणाऱ्याने ‘आभारी आहे’ म्हणेपर्यंत सोडू नये. वरवर हा शिष्टाचार. वस्तुतः मूठ नीट हाती आल्याची ती खूण. चाकू मिटताना पात्याच्या पाठीवर तळवा ठेवावा आणि बोटे धारेच्या वाटेतून काढून घ्यावी. पडणारा चाकू कधीही झेलू नये. आणि धार नेहमी तेज ठेवावी. कारण बोथट पात्याला जोर अधिक लागतो, आणि जोराने घसरलेले पाते कोठे जाईल याचा नेम नसतो.

जपानने एके काळी याच्या उलट मार्ग धरला. तेथील शाळकरी मुले ‘हिगोनोकामी’ नावाच्या बिनकमानीच्या चाकूने पेन्सिली तासत. १९६० साली समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भरसभेत लहान तलवारीने हत्या झाली. तेव्हा मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नयेत, अशी मोहीम देशभर सुरू झाली आणि दप्तरातून तो चाकूही हळूहळू नाहीसा झाला. हिंसेच्या भयाने केलेली ती कृती समजण्याजोगी होती. पण मुले ज्या छोट्या पात्यावर धारेचे शिस्तपालन शिकत, तो धडाही त्याबरोबर गेला.

सुरी सोन्याची असली तरी ती कोणी उरात मारून घेत नाही, असे मराठीत म्हणतात. खटकेदार चाकूलाही हे लागू आहे. खटका कितीही उत्तम असला तरी झिजतो, त्यात धूळ शिरते, किंवा तो पुरता बसला नसताना बसलासा भासतो. म्हणून जाणता मनुष्य खटक्याचा चाकूही खटका नाहीच असे समजून धरतो. घर्षण, कमान, कडे, खटका या साऱ्यांनी पात्याला आवर घातला. हाताच्या घाईला आवर घालील अशी कडी मात्र हातानेच स्वतःला घालून घ्यावयाची असते.